‘पहिलीचा संच’ उघडून बघताना: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

मे संपत आला की सांगलीत हरभट रोड, मारुती रोडच्या स्टेशनरी दुकानांत पारदर्शक पिशवीत बांधलेले ‘पहिलीचे संच’ दिसू लागतात. मिरज, विटा, तासगावलाही तेच. कंपनी कुठलीही असो, आतला माल थोड्याफार फरकानं सारखा: अंकलिपी, पाटी, पाटीवरच्या पेन्सिली, गिरवायचं पुस्तक, अक्षरांची कार्डं, मण्यांची चौकट, दोन-तीन वह्या, शिसपेन्सिल-खोडरबर-शार्पनर आणि रंगीत खडू. जरा वरच्या संचात बटण दाबलं की बोलणारा तक्ताही असतो.

आमचं मत आधीच सांगतो. अख्खा संच घेऊ नका. पाटी, मणी आणि जाड खडू सुटे घ्या. अंकलिपी घ्या, पण ती पहिल्या पानापासून शिकवायला बसू नका. बोलणारा तक्ता खाली सांगितलेली परीक्षा पास झाला तरच घ्या. आणि पाठ्यपुस्तकांवर पैसे घालवू नका. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. त्यांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावरही फुकट आहेत.

संचातली वस्तू चांगली की वाईट हे ठरवायचं तर पहिल्या सत्रात, म्हणजे जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत, मुलानं काय शिकायचं असतं ते ठाऊक हवं. सुरुवातीचे १२ आठवडे ‘विद्याप्रवेश’चे, म्हणजे खेळ, गाणी, गप्पा, हातांची तयारी. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेत पहिलीच्या वर्षअखेरीला ठेवलेलं उद्दिष्ट असं आहे: चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, सोपी बेरीज-वजाबाकी यावी. हे अख्ख्या वर्षाचं झालं. दिवाळीपर्यंत शब्दातला पहिला आवाज कानानं पकडणं, दहा-पंधरा अक्षरं आणि काना यांतून शब्द वाचणं, २० पर्यंतच्या वस्तू न चुकता मोजणं आणि पेन्सिल नीट धरणं एवढं पक्कं झालं तर गाडी रुळावर आहे. संच बनवणाऱ्यांनी मात्र सगळं वर्ष एका पिशवीत कोंबलेलं असतं, आणि घरचे जूनमध्येच शेवटच्या पानावर जाऊन पोचतात.

अंकलिपीचंच बघा. पुस्तिका म्हणून ती उत्तम आहे. मुळाक्षरं, बाराखडी, १ ते १०० अंकांत आणि अक्षरांत, पाढे, वार, मराठी महिने, सगळं एका ठिकाणी. अडलं की उघडून बघायला हाताशी असावीच. पण तिचा क्रम शिकवण्याचा क्रम नव्हे. पहिल्याच पानावर अ, आ, इ, ई. अ आणि इ ही हाताला सगळ्यांत अवघड वळणं, शिवाय नुसत्या स्वरांतून शब्द फारसे तयार होत नाहीत. महिनाभर घोकूनही मूल काहीच वाचू शकत नाही आणि कंटाळतं. त्याऐवजी म, क, र, न, ल ही पाच अक्षरं आणि काना एवढंच घ्या. त्यातून मका, कान, नाक, रान, काला, कमान, नरम, मामा, काका, लाल असे शब्द लगेच हाती लागतात. तिसऱ्या आठवड्यात मुलानं स्वतः ‘मका’ वाचला की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते ‘अ अननसाचा’ शंभर वेळा म्हणून दिसत नाही. पुढचा गट ब, व, स, त, प असा घ्यावा. ब-व, घ-ध, भ-म, प-ष या दिसायला जवळच्या जोड्यांतलं एक अक्षर पक्कं झाल्यावरच दुसरं आणावं. जवळजवळ आणली तर दोन्ही मोडतात. वरच्या गटात ब आणि व दोन्ही आलेत, तेव्हा ब आठवडाभर आधी आणि व मागून.

अंकलिपी निवडताना चार गोष्टी दुकानातच तपासा. ॲ आणि ऑ आहेत का? शासनाच्या वर्णमालेत ५२ वर्ण आहेत: १४ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजनं. त्या १४ स्वरांत ॲ, ऑ येतात, म्हणून शाळेतला तक्ता आता बाराखडीचा नसून चौदाखडीचा असतो. जुन्याच छपाईच्या पुस्तिकांत ॲ, ऑ नसतात, मग ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ कुठं बसवायचे हे मुलाला कळत नाही. दुसरं, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलंय. बाजारातल्या बऱ्याच तक्त्यांत हिंदी वळणाचे ल, श छापलेले असतात, कारण संगणकावरचा फाँट तसा असतो. मूल घरी एक आणि शाळेत दुसरं वळण बघतं आणि दोन वेगळी अक्षरं आहेत असं समजतं. तिसरं, अक्षर चांगलं बोटभर मोठं छापलंय का. चौथं, चित्र झाकलं तरी अक्षर वाचता येईल एवढी जागा दोघांमध्ये आहे का.

हे चौथं कार्डांनाही लागू, आणि कार्डांवर जरा थांबावंच लागेल, कारण संचातला सगळ्यांत जास्त गैरवापर त्यांचाच होतो. एका बाजूला ‘क’ आणि खाली कमळ. मूल आठवडाभरात सगळी गड्डी धडाधडा म्हणतं, घरचे खूश होतात. मग अंगठ्यानं चित्र झाका. निम्मी कार्डं तिथंच अडतात, कारण मूल कमळ वाचत होतं, क वाचत नव्हतं. म्हणून मागं-पुढं वेगळी छपाई असलेली कार्डं घ्या, एका बाजूला नुसतं अक्षर. तशी मिळाली नाहीत तर चित्रावर कागदाची पट्टी चिकटवा. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळं बाण, बाळ असे शब्द देणारं कार्डच बरोबर. ओढूनताणून ‘ण’नं सुरू होणारा शब्द दिलेला असेल तर ते कार्ड बनवणाऱ्यानं भाषेचा विचार केलेला नाही.

च, ज, झ यांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. चाकातला च वेगळा, चिमणीतला वेगळा. तसंच जाळं-जीभ, झाड-झेंडा. एकच चित्र असलेल्या कार्डावरून शिकलेलं मूल दुसऱ्या उच्चाराचा शब्द कानानं ओळखत नाही, ‘चाकात च नाही’ म्हणतं. ते चुकत नसतं, त्याचा कान बरोबर काम करत असतो. कार्डाच्या मागं दुसऱ्या उच्चाराचं चित्र स्वतः काढा, काम भागतं. आपल्याकडं बोलताना ‘पाणी’चं ‘पानी’, ‘आणि’चं ‘आनि’ होतं आणि मूल जसं बोलतं तसंच लिहितं. याला रागवून उपयोग नाही. मन-मण, खान-खाण अशा जोड्या कानाला ऐकवत राहायच्या, महिना-दोन महिन्यांत फरक ऐकू येऊ लागतो. जतकडच्या बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. तिथं कार्डावरचं चित्र आधी घरच्या भाषेत सांगू द्यावं, मग मराठी शब्द द्यावा.

प्लास्टिकची किंवा चुंबकाची सुटी अक्षरं असलेला डबा बघायला फार छान दिसतो. घेण्याआधी झाकण उघडून मोजा. बहुतेक डब्यांत प्रत्येक अक्षर एकच असतं. मग ‘मामा’ कसा करायचा? नेहमीची अक्षरं निदान दोन-दोन आणि काने तीन-चार हवेत. पहिल्या वेलांटीचा तुकडा अक्षराआधी ठेवावा लागतो पण आवाज नंतर येतो. त्यामुळंच ‘दिवस’चं ‘दविस’ होतं. पहिल्या सत्रात वेलांट्या डब्यातून काढून बाजूला ठेवलेल्या बऱ्या. आणि चुंबक सुटा निघत असेल तर तो डबा घरात आणूच नका. पोटात गेलेले दोन चुंबक आतड्यात एकमेकांना चिकटून मोठी इजा करू शकतात, लहान भावंडं असलेल्या घरात तर नकोच.

पाटी. संचातली पाटी बहुधा पत्र्याची किंवा पुठ्ठ्यावर काळा रंग दिलेली असते. हातात घेऊन पेन्सिल ओढून बघा. गुळगुळीत पृष्ठभागावर पेन्सिल घसरते, मूल जोर लावतं, मनगट ताठ होतं, आणि ती सवय पुढं वहीत तशीच जाते. दगडी पाटी जरा खरखरीत असते, हाताला अडवते, त्यामुळं वळणावर ताबा येतो. ती फुटते आणि जड असते हे खरं, म्हणून घरी दगडी आणि दप्तरात हलकी असं केलेलं चांगलं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो एवढीच मर्यादा आहे. भरलेलं दप्तर एकदा काट्यावर ठेवून बघा. नवी पाटी लिहीत नसेल तर कोळशानं घासून पुसून घ्या. पुसायला छोट्या डबीत ओला स्पंज द्या, म्हणजे थुंकी लावायची सवय लागत नाही.

पाटीवरची पेन्सिल अख्खी देऊ नका. मोडून दोन बोटांच्या पेराएवढा तुकडा द्या. लांब पेन्सिल मुठीत धरली जाते. आखूड तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो अंगठा आणि दोन बोटांतच धरावा लागतो, पकड आपोआप बसते. हीच युक्ती खडूला. एक काळजी घ्या: मूल पेन्सिल किंवा माती सारखी खात असेल तर दटावून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. अंगात लोह कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं.

गिरवायचं पुस्तक हा संचातला सगळ्यांत कमी कामाचा भाग. ठिपक्यांची अक्षरं, एका पानावर तीस-चाळीस. कुठून सुरू करायचं आणि कुठं वळायचं याचे बाण बहुतेकांत नसतात. मूल ठिपके जोडतं, अक्षर लिहीत नाही: दंड खालून वर, शिरोरेघ सगळ्यांत आधी, मग मधलं जमेल तसं. चुकीचं वळण चाळीस वेळा गिरवलं की ते पक्कं होतं, आणि दुसरीत धावतं लिहायची वेळ आली की हात अडकतो. योग्य क्रम असा: अक्षराचं अंग आधी, दंड वरून खाली, शिरोरेघ शेवटी डावीकडून उजवीकडं. हे शिकवायला आधी अंगणात खडूनं हातभर मोठं अक्षर, त्यावरून चालायचं. मग ताटात पसरलेल्या पिठात किंवा बारीक वाळूत बोटानं. मग पाटीवर तळहाताएवढं. कागद सगळ्यांत शेवटी. जुलैभर एकही पान भरलं नाही तरी काही बिघडत नाही. सहाव्या वर्षी ३ चा ६ आणि ६ चा ३ होणं, अक्षर उलटं पडणं हेही नेहमीचंच, त्यावर शंभर वेळा लिहायला लावू नये.

वह्यांत फक्त मोठ्या चौकटीची वही घ्या, घर साधारण दोन सेंटिमीटरचं. बारीक चौकटी वही या वयाला पिचवते. चार रेघी वही संचात इंग्रजीसाठी असते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, पण पहिल्या सत्रात ते गाणी, सूचना, वस्तूंची नावं एवढंच तोंडी असावं. ती वही दिवाळीपर्यंत तशीच कोरी राहू द्या.

आता मणी. संचातली मण्यांची चौकट, दहा तारा आणि प्रत्येकीवर दहा मणी, ही कल्पना चांगली आहे, बनावट बहुधा वाईट. प्रत्येक तार एकाच रंगाची असेल तर मुलाला ७ दिसत नाहीत, ते परत १ पासून मोजतं. पाच मणी एका रंगाचे आणि पाच दुसऱ्या रंगाचे असले तर ‘पाच आणि दोन’ एका नजरेत दिसतं. बेरजेचा पाया तिथं पडतो. तार बारीक असेल तर वाकते आणि मणी अडकतात, बोटानं दाबून बघा.

याहून चांगली वस्तू घरी अर्ध्या तासात होते. एक सेंटिमीटरचे २० मणी, ५ लाल, ५ पांढरे, परत ५ लाल, ५ पांढरे, नायलॉनच्या दोऱ्यात ओवायचे. दोऱ्यात मण्यांशिवाय आणखी दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची. ती नसली तर मणी सरकत नाहीत, मोजलेले आणि न मोजलेले वेगळे पडत नाहीत, आणि माळ निरुपयोगी होते. ‘१३ दाखव’ म्हटलं की तेराव्या मण्याच्या पुढं कपड्याचा चिमटा लावायचा, मण्यावर नव्हे. शंभर मण्यांची, दहा-दहाच्या रंगांची माळ दुसऱ्या सत्रात.

संचात चिंचोके नसतात, पण घरात असतात. मोजणं आणि म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘मला ८ चिंचोके दे’ सांगून बघा. मूठभर आणून दिले तर उजळणी पाठ आहे, मोजणं अजून यायचंय. एका चिंचोक्याला एक आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळे किती, हे दोन्ही आधी बसलं पाहिजे. दहा झाले की खराट्याच्या दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करायचा. ११ ते २० चे अंक त्या गठ्ठ्याशेजारी सुट्या काड्या ठेवूनच लिहायचे. पावसाळ्यात चिंचोके दमट डब्यात ठेवले तर बुरशी धरतात, उन्हात वाळवून घ्या.

अंकलिपीतलं १ ते १०० चं पान इतक्यात पाठ करून घेऊ नका असं म्हणण्याचं कारण मराठी संख्यानावांत आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीस ऐकून कुणी ३१ लिहितं, कुणी ३९. ही अडचण एवढी खरी आहे की २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत दिली गेली होती आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. आमचं म्हणणं एवढंच की जोडीला गठ्ठे-काड्या असतील तर पंचवीस म्हणूनही मूल २५ बरोबर लिहितं. गठ्ठ्यांशिवाय कुठलीही वाचनपद्धत अडखळते. सेमी इंग्रजी शाळांत तर मूल देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही अंक बघत असतं, आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. तिथं घरी एकच लिपी धरा, जी गणिताच्या पुस्तकात आहे ती. सापशिडी देत असाल तर आधी २० घरांचा सरळ पट्टा आखून फाशानं खेळू द्या. शंभर घरांच्या पटात ओळी एकदा इकडून आणि एकदा तिकडून जातात, या वयाची मुलं वळणावर हमखास चुकतात.

बोलणाऱ्या तक्त्याची परीक्षा दुकानातच, सेल घालून. ज्ञ, ऋ, ळ, ॲ ही चार बटणं दाबा. ज्ञ ‘ग्य’ असा आणि ऋ ‘रि’ असा ऐकू आला, ळ ऐवजी ल आला किंवा ॲ नसलाच, तर तो हिंदीचा तक्ता आहे, वेष्टणावर ‘मराठी’ लिहिलेलं असलं तरी. मराठीत ज्ञ ‘द्न्य’ आणि ऋ ‘रु’. असा तक्ता ठेवून द्या. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड मोबाइलवर उघडले की ध्वनिचित्रफिती फुकट मिळतात, त्या पुरेशा आहेत.

उरलेल्या किरकोळ वस्तूंत खडू तेवढे बघून घ्यावेत: बोटाएवढे जाड मेणाचे, १२ रंग पुष्कळ. तेलखडू मोडतात आणि दमट हवेत हाताला माखतात. पेन्सिल गडद लिहिणारी, शक्यतो तीन कोनांची. वासाचे रंगीत खोडरबर कागद काळा करतात, साधा पांढरा घ्या. कार्डांच्या कडांना पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर श्रावणापर्यंत पुठ्ठा फुगून पापुद्रे सुटतात.

दुरेघी वही, वेलांटी-उकाराची कार्डं आणि शंभर मण्यांची माळ ही खरेदी दिवाळीची सुट्टी संपल्यावर करायची, अंकलिपीतली बाराखडीची पानंही त्यानंतरच उघडायची. तेव्हा दुकानात गर्दी नसते, सुट्या वस्तू हातात घेऊन बघता येतात, आणि मूल कुठवर आलंय तेही तोपर्यंत कळलेलं असतं.